डायरीतले तीस लिटर

येलदरीचे हवालदार गौतम वाहुळे यांचं नाव आधी लिहितो. माझी पेन्शन, परभणीतली नोकरी, पिंगळीतली खोली, सगळं त्यांच्यामुळे आहे. मी मूळचा चंदगडचा. दहावीनंतर शाळा सोडली आणि फौजेत ड्रायव्हर झालो.

आता एका डॉक्टरांची कॅम्पर व्हॅन चालवतो. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. डॉक्टर विचारतात, कंपनी चौदा म्हणते, तुम्हाला नऊच ॲव्हरेज कसं? मी सांगतो, टाकीचं वजन, देवगाव फाट्यापर्यंतचे खड्डे, आणि तुम्ही जेवता तेव्हा एसीसाठी चालू असलेलं इंजिन. नऊ म्हणजे नऊ. ते हसतात.

फौजेत असताना आमची पोस्टिंग उत्तरेत, उंचावर होती. माझ्याकडे ॲम्ब्युलन्स. सरकारी हिशेबाने तिचं ॲव्हरेज सात. थंडीत, चढाला, चाकांना साखळ्या लावून मिळायचं चार. पण चार लिहिलं की गाडी वर्कशॉपला आणि ड्रायव्हर साहेबांसमोर. म्हणून कार डायरीत, म्हणजे गाडीच्या रोजच्या नोंदवहीत, सगळेच सात लिहायचे. कमी पडलेलं डिझेल संध्याकाळी, ज्याची गाडी कमी फिरली असेल त्याच्याकडून भरून घ्यायचं. याला कुणी चोरी म्हणत नसे.

जानेवारीत एकदा सकाळी सहाला कॉल आला. शिपाई सुकरा, वय बावीस, फुफ्फुसात पाणी. त्याला घेऊन खालच्या हॉस्पिटलकडे निघालो. आदल्या संध्याकाळचं भरणं राहून गेलं होतं. डिझेलचा काटा महिनाभर बंद. 11:40 ला पुढे बर्फ कोसळला. वळायला जागा नव्हती, आणि दहा मिनिटांत मागचा रस्ताही बुजला. हीटर इंजिनवर चालायचा. रेडिओवर साहेब आले.

"फ्युएल स्टेट बताओ. ओव्हर."

मी डायरी उघडली. तीस होते. खरे दहाही नसतील, हे मला माहीत होतं.

"थर्टी लिटर, सर. ओव्हर."

"गुड. इंजिन चालू रखो. डोझर चार बजे पहुँचेगा."

दहा म्हणालो असतो तर खालच्या चौकीवरून माणसं तेव्हाच चालत निघाली असती.

गाडीचे प्रमुख हवालदार वाहुळे, आमचे उस्ताद, मागे सुकराजवळ ऑक्सिजन सांभाळत होते. 13:25 ला इंजिनाचा आवाज बदलला. ते उतरले, टाकीत काठी घातली. टोक तेवढं ओलं झालं.

"किती सांगितलास?"

"तीस."

"कुठले तीस?"

"डायरीतले, उस्ताद."

"गावडे, इंजिनाला डायरी वाचता येत न्हाई."

मी रेडिओ उचलला. बोटाने बटण दाबलं जाईना. त्यांनी तो काढून घेतला.

"करेक्शन. टँक खाली है. गलती हवालदार वाहुळे की. ओव्हर."

14:10 ला इंजिन थांबलं. आमचे कोट सुकरावर घातले. उस्तादांनी त्याचे पाय आपल्या शर्टाच्या आत, पोटाशी धरले. गाडी बंद का झाली, असं त्याने मला विचारलं. डोझर येतोय, म्हणालो. 15:35 ला तो गेला. चौकीवरची माणसं 15:50 ला पोहोचली.

चौकशीतही उस्तादांनी तेच सांगितलं. मला म्हणाले, तुझी नोकरी नवी हाय, माझी झाली. त्या ठपक्यामुळे बढती अडली, ते नायब सुभेदार झाले नाहीत. गावाकडे परतले, आणि मी निवृत्त झाल्यावर या डॉक्टरांकडे माझ्यासाठी त्यांनीच शब्द टाकला.

सुकराला ड्रायव्हिंग शिकायचं होतं. रेशन आणायला जाताना माझ्या शेजारी बसून गिअर मोजायचा. परभणीच्या उन्हात मी व्हॅन बंद करतो तेव्हा मागच्या बिछान्याकडे बघतो. तिथे कुणी नसतं. तरी घड्याळात पंधरा मिनिटं होईपर्यंत खाली उतरवत नाही.

उस्तादांचा मुलगा जिंतूरला शिक्षक आहे. वडिलांच्या चुकीने एक जवान गेला, असं तो अजून मानतो. बापाशी त्या विषयावर बोलत नाही. उस्तादांनीही त्याला खरं सांगितलेलं नाही. एक दिवस मी येलदरीला जाईन. दोघांना समोर बसवून सांगेन की तीस मी म्हणालो होतो.