ओळ कोणी दिली

अनसूयाकाकूंनी मला वाचवलं. हे आधी लिहितो, कारण काय झालं ते सांगताना माणूस स्वतःबद्दलच बोलत सुटतो आणि ज्याचे उपकार त्याचं नाव शेवटी कुठंतरी येतं.

काकू राजवाड्यामागच्या गल्लीत राहायच्या. यजमान संस्थानच्या फौजेत सुभेदार होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, त्याच सुमारास यजमानही गेले. मी रत्नागिरीकडचा. सातवीत शाळा सुटली, आणि एका ओळखीच्या आधारानं इंदूरला आलो. तिथल्या मराठी नाट्यमंडळात सतरंज्या घालायचो, पडदा ओढायचो. वाचायला बरं येतं असं कळल्यावर त्यांनी मला प्रॉम्प्टर केलं. राहायला थिएटरमागची खोली. काकू मला अधूनमधून जेवायला बोलवायच्या. "कोकणातलं पोर नुसत्या पोह्यांवर किती जगणार," म्हणायच्या आणि पानात दुसऱ्यांदा भात वाढायच्या. त्या मुलखात भात दुसऱ्यांदा वाढणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

तर त्या सकाळी मी मंडळाच्या ऑफिसात टेबलासमोर उभा होतो आणि टेबलामागे तिवारीसाहेब बसले होते. नाटकांना परवानगी देणाऱ्या सरकारी ऑफिसातले. समोर कागद, हातात पेन, टोपण काढलेलं. रिपोर्टमध्ये एक नाव घालायचं होतं, आणि ते माझं असणार होतं.

आदल्या दिवशी काय झालं ते कळायला प्रॉम्प्टरचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. प्रॉम्प्टर विंगेत नाटकाची कॉपी घेऊन बसतो. नट अडकला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द पुरवतो. याला आम्ही ओळ देणं म्हणतो. आवाज नटापर्यंत जावा, प्रेक्षकांपर्यंत नाही. एवढं सरावानं जमतं. अवघड पुढंच आहे. नट गप्प झाला, तर तो अडकलाय की मुद्दाम थांबलाय? हे त्या क्षणी ओळखावं लागतं. अडकलेल्याला ओळ दिली नाही तर प्रयोग पडतो. थांबलेल्याला दिली तर नट आत येऊन चप्पल काढतो.

नाटक जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं. दुष्काळात सापडलेली माणसं शहराच्या वेशीशी येतात. राजा वेस बंद करायचा हुकूम देतो. म्हातारा द्वारपाल नाही म्हणतो. भर दरबारात राजाला तो जे सुनावतो, त्या भाषणासाठी लोक नाटकाला यायचे.

तिवारीसाहेबांनी नेमकं तेच भाषण लाल पेन्सिलनं कापलं होतं.

"साहेब, हे नाटक राजेमहाराजांच्या काळातलं आहे," आमचे चिटणीस दातेसाहेब म्हणाले होते.

"राजा-महाराजा तो गए, दातेजी. दरवाजे यहीं हैं. मिल के." तिवारीसाहेबांना मराठी सगळं कळायचं, बोलायचे मात्र हिंदीच. त्या हिवाळ्यात मिलच्या गेटवर रोज संप, घोषणा, काही ना काही चाललेलं असायचं. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

द्वारपालाचं काम करणारे केळकर सर चिडले. "अरे भिया, भाषण काढलं तर मी तिथं करू काय? माशा मारू?"

"गप्प उभे राहा," दातेसाहेब म्हणाले. "राजा हुकूम देईल. तुम्ही गप्प. मग किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवा. पडदा. गप्प राहायला लायसन्स लागत नाही."

सरांनी मानलं. त्यांची सरकारी शाळेत नोकरी होती. मी माझ्या कॉपीत त्या भाषणावर कागदाची पट्टी चिकटवली. चुकूनसुद्धा माझ्या तोंडून त्यातला शब्द जाऊ नये म्हणून.

प्रयोगाला थिएटर भरलेलं. पुढे जुन्या मराठी घराण्यांच्या खुर्च्या, डावीकडे बायका, पाठीमागं बाकांवर मिलमधली माणसं. तिवारीसाहेब उजव्या बाजूला, मांडीवर मंजूर कॉपी, बोट ओळीवर. मी डाव्या विंगेत. माझ्यापासून चार हातांवर बायकांची पहिली रांग, आणि तिच्या कडेच्या खुर्चीवर काकू.

तो प्रवेश आला. राजानं हुकूम दिला. केळकर सर माझ्याकडे तोंड करून गप्प उभे राहिले.

थिएटर वाट बघत होतं. पाठ असलेलं भाषण येत नाही म्हटल्यावर खुर्च्या करकरायला लागल्या. मी मनात म्हणत होतो, किल्ल्या ठेवा, सर, ठेवा किल्ल्या. पण सरांना ती शांतता आवडली असावी. ते ताणत राहिले.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. लहान मुलाला पाढा आठवून द्यावा तसा, हलका, मायेचा.

"महाराज, आपली आज्ञा माझ्या कानांपर्यंत पोचली…"

आता नटाची एक गोष्ट सांगतो. नटाला ओळ मिळाली की त्याचं तोंड उघडतं. तो विचार करत नाही. गाडीला धक्का दिला की ती चालते, तसं. केळकर सरांनी आयुष्यभर ओळ घेतली होती, तीही घेतली. "आपली आज्ञा माझ्या कानांपर्यंत पोचली," ते गरजले, "हातांपर्यंत ती पोचणार नाही." आणि पुढचं सगळं भाषण, शेवटच्या शब्दापर्यंत, एका दमात.

पाठीमागचे बाक उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या. मी तिवारीसाहेबांकडे बघितलं. ते कॉपीची पानं पुढं-मागं उलटत होते.

म्हणून ती सकाळ.

"लाइन किसने दी?" त्यांनी आधी केळकर सरांना विचारलं होतं.

"विंगेकडून आली," सर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. त्यांचं तोंड विंगेकडेच होतं आणि उजेड डोळ्यांवर. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

मी सांगायचा प्रयत्न केला. "साहेब, मी दिलेली ओळ तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आमचा आवाजच तसा—"

"लेकिन पहुँची ना? मैंने सुनी."

"म्हणूनच ती माझी नव्हती."

"वाह. यानी जो सुनाई दे वो तेरा नहीं, जो न सुनाई दे वो तेरा. अच्छा काम है तेरा."

माझी पट्टी चिकटवलेली कॉपी मी पुढं केली. त्यांनी ती बाजूला सारली. भाषण कुणाला पाठ नाही, असं थोडंच होतं.

दातेसाहेबांनी मला खिडकीपाशी नेलं. "हे बघ, परेशान नको होऊ. मंडळ राहायला पाहिजे की नाही? लायसन्स गेलं तर सगळंच बसलं. एक नाव दिलं की मिटतं. तू बाहेरगावचा, जवान आहेस. तुला कुठंही काम मिळेल." मग म्हणाले, "खोली लगेच सोड असं नाही म्हणत मी."

कोण बोललं ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. याला कोणी धैर्य म्हणू नये. काकूंचं नाव घेतलं असतं तर, त्यांच्या घरच्या अन्नाला जागला नाही, म्हणून लोक तोंडावर थुंकले असते. नाही घेतलं तर पोलिसात. तिथं उभा राहून मी फक्त रत्नागिरीला परत कसं तोंड दाखवायचं याचा विचार करत होतो. तिथं कोणी माझी वाटही बघत नव्हतं.

दार ढकलून काकू आत आल्या. त्यांना या सगळ्याचा पत्ता नव्हता. आल्या त्या थेट केळकर सरांवर.

"काय हो सर, काल भर प्रवेशात अडकलात? आमच्या ह्यांनी हेच काम फौजेच्या नाटकात केलं होतं, एकदा नाही अडकले. मी द्यायचे त्यांना ओळ, स्वयंपाक करता करता. काल दिली नसती तर उभेच राहिला असता रात्रभर."

केळकर सरांनी कपाळाला हात लावला.

"आपने दी?" तिवारीसाहेब.

"मग काय, बघत बसू? आणि हा," माझ्याकडे बोट, "हा मठ्ठासारखा बसलेला. म्हटलं डोळा लागला की काय याचा."

तिवारीसाहेबांनी त्यांना शांतपणे सगळं सांगितलं. भाषण सरकारनं कापलं होतं. सर अडकले नव्हते. ते म्हणणं गुन्हा होता, आणि रिपोर्टमध्ये या मुलाचं नाव जाणार होतं.

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला. घाबरल्या, मी बघितलं.

दातेसाहेबांनी लगेच वाट काढून दिली. "साहेब, काकूंचं वय झालंय. त्या मनात म्हणाल्या असतील, त्यांना वाटतंय मोठ्यानं म्हटलं. आवाज विंगेतूनच आला. हो ना, काकू?"

काकूंना फक्त मान हलवायची होती. त्यांनी पदर नीट केला.

"नाही. मीच म्हटलं. या पोराचं नाव लिहाल तर खोटं लिहाल."

"माताजी, केस बन सकता है."

"बनवा की. माझं नाव लिहून घ्या. घर कोणीही दाखवेल. फक्त एक करा, पूर्ण लिहा. नट अडकला असं वाटलं म्हणून सुभेदाराच्या बायकोनं ओळ दिली, असं लिहा. आणि कोर्टात मला विचारलं तर मी तीच ओळ परत म्हणून दाखवीन. मला अर्धी म्हणता येत नाही."

तिवारीसाहेबांनी पेन कागदाला टेकवलं, पुन्हा उचललं. सुभेदाराच्या विधवेला कोर्टात उभं करायचं आणि तिथं ते भाषण पुन्हा वाचलं जायचं, हे त्यांच्याही डोळ्यांपुढं आलं असावं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"लायसन्स स्टेज का होता है," ते उठत म्हणाले. "ऑडियन्स का नहीं."

मी माझी कॉपी टेबलावरून उचलली.

शेवट गोड झाला असं मात्र नाही. मंडळाच्या पुढच्या नाटकाला परवानगी आली ती एका जादा अटीसह: प्रेक्षकांनी संवाद म्हणू नयेत. त्यावर शहरभर लोक हसले. दातेसाहेब हसले नाहीत. त्यांनी काकूंना पास पाठवणं बंद केलं. कोणी विचारलं तर सांगायचे, "काकूंना आता जागरण सोसत नाही." ज्या बायका काकूंशेजारी बसायच्या, त्यांनी, काकू का दिसत नाहीत, म्हणून एक शब्द काढला नाही. केळकर सर एकदा काकूंकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी मंडळातच राहिलो, खोलीसुद्धा राहिली. काकूंकडे जेवायला जायचो तेव्हा मान वर होत नसे.

"नाटक कसं झालं ते सांग," एवढंच त्या म्हणायच्या. मी सांगायचो. मध्येच थांबलो की पुढचं त्याच सांगायच्या.

आता मी एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. नवीन मुलं शिकायला येतात. त्यांना मी कॉपी कशी धरायची, श्वास कसा टाकायचा हे शिकवतो. आणि सांगतो, की नट थांबलाय की अडकलाय हे आपल्याला कळलं तरी पुरत नाही. प्रेक्षकांना कळलंय का तेही बघावं. त्यांना हे नीटसं पटत नाही. पटायला एक तिवारीसाहेब भेटावे लागतात.

आमच्या मालकांना मी सारखा इंदूरचा मुक्काम घ्या म्हणून सांगतोय. ते म्हणतात, बघू. काकूंचे गुडघे आता गेलेत, असं कळतं. पण मुक्काम ठरला की मी स्वतः टांगा घेऊन त्यांच्या दारात जाईन, हाताला धरून आणीन आणि पहिल्या रांगेत बसवीन. नाटक तेच असेल, भाषणासकट. तेवढ्यानं फिटणार नाही, पण सुरुवात तिथून करीन.