नकाशात न आलेला कोळीवाडा

येरवड्याच्या आमच्या कार्यालयात मी किनारपट्टीवरच्या ग्रामसेवकांना संगणकावर गावाचे नकाशे करायला शिकवायचो. त्यांच्या गावांचे आधीचे नकाशे मीच, उपग्रहाची छायाचित्रं पाहून, पुण्यात बसून काढले होते. एकदा रत्नागिरीकडच्या एक ग्रामसेविका आपल्या गावाचा नकाशा उघडून नुसत्याच बघत राहिल्या.

"सर, कोळीवाडा कुठे गेला?"

त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे मी मोकळी वाळू दाखवली होती. माडांच्या दाटीखालची घरं मला वरून दिसलीच नव्हती.

"वादळानंतर पंचनाम्याला आलेले अधिकारी हाच नकाशा दाखवून म्हणाले, की इथे वस्तीच नाही," त्या म्हणाल्या. "घरं पडलेली समोर दिसत असून!"

चूक माझी आहे, हे मी त्यांना सांगितलं आणि तसाच साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, आपण शिकवायला आहात की मंजूर नकाशे बदलायला?"

बाईंनी दुपारचं जेवण सोडून एकेक घर आठवून छापील नकाशावर काढलं. त्याखाली मी माझी चूक लेखी कबूल करून सही केली. तो कागद घेऊन त्यांनी स्वारगेटहून एसटी पकडली.

बऱ्याच महिन्यांनी त्यांचा फोन आला. दुरुस्ती मंजूर झाली होती, पण तोवर काही कुटुंबं नुकसानभरपाईची वाट पाहून गाव सोडून गेली होती. कुठे गेली, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.