नातीची हनुवटी

“हाड कोवळं आहे, वळेल,” असं म्हणत शेजारच्या वहिनी नातीच्या हनुवटीवर टिचकी मारत. पाहुण्यांसमोर तर हमखास. आधी पोहे, मग टिचकी, मग चहा.

मुलांनो, काल तुमच्या आईने फोनवर विचारलं, “सातव्या वर्षीच डॉक्टरांना दात दाखवायचे? घाई नाही ना होत?” दाखवा. दाखवले म्हणजे लगेच तारा लागतात असं नाही. पण गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीतल्या या बाई मला विसरता येत नाहीत.

त्यांच्या नातीचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत. समोरचे दुधाचे पडून नवे आले, तेव्हा शाळेत तपासणीला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घरी निरोप धाडला: जबडा वाढतोय तोवरच त्याला वळण लावता येईल, आत्ता या. मुलीचा बाप ओझरच्या कारखान्यात विमानांचे भाग तपासायचा. तिथे त्याला केसभर फरक चालत नसे. घरी मात्र तो म्हणाला, “आईला विचारतो.”

“सगळे दात पडून येऊ देत,” वहिनी म्हणाल्या. “दुधाच्या तोंडाला तारा? त्या बाईला म्हणावं, दुकान तिकडे लांब सिन्नरला टाक.”

त्यांचा उपाय त्यांच्यापाशी होता. पोर शाळेतून आली की तिची हनुवटी फडक्याने आवळायची आणि डोक्यावर गाठ मारायची. ती तशीच गृहपाठ करी.

“अहो वहिनी, असं प्रेताचं बांधतात!” मी म्हटलं.

“मग? मिटतं ना प्रेताचं तोंड?” वहिनी खूश होऊन हसल्या. पोरीला हसता येत नव्हतं.

मुलगी पदवीधर झाली, स्थळं बघून परत जाऊ लागली, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. हाड पक्कं झालं होतं. आता जबडा कापूनच मागे घ्यावा लागणार, असं डॉक्टर म्हणाले.

“कापा,” वहिनी तिच्यादेखत म्हणाल्या. “नाहीतरी या तोंडाचं काय लोणचं घालायचंय?”

शस्त्रक्रिया झाली. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, ती वहिनींच्या शेवटच्या आजारपणातच परतली. मी तिथेच बसले होते. चेहरा सुरेख झाला होता, आणि अगदी अनोळखी. तिने पाण्याचा पेला पुढे केला. वहिनींनी तोंड फिरवलं.

“ही परकी पोर कोण? माझ्या नातीला बोलवा.”

मुलीने पेला खाली ठेवला.

“ती येणार नाही, आजी,” असं म्हणून तिने पर्स उचलली.

वहिनी शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या.