वाजणाऱ्या गुडघ्यांनी आणलेली गौर

माझे गुडघे वाजतात. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसे वाजतात. मी खाणावळ चालवते. किहीमच्या समुद्रावर आलेली माणसं दुपारी आमच्या वाडीत जेवायला येतात, तेव्हा माझा सगळा दिवस ओट्यापाशी उभ्याने जातो. खाली बसायची सवय कधी मोडली ते कळलंच नाही. ते कळलं गेल्या गौरीत, आणि सगळ्यांसमोर कळलं.

आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा. गावामागच्या व्हाळावर जायचं, वाहत्या पाण्याच्या काठची रोपं मुळासकट उपटायची, सुपात ठेवायची आणि घरी आणायची. हा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. निघताना सगळ्या बायका तोंडात पाण्याची चूळ धरतात आणि परत उंबऱ्याशी येईपर्यंत सोडत नाहीत. गौर मुक्यानेच यायला हवी. मागून येणाऱ्या एखादीची चूळ सांडली तर तिने धावत घरी जाऊन पुन्हा तोंड भरून यायचं. पण सूप धरलेलीची सांडली, तर रोपं व्हाळात सोडायची आणि सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची.

गेल्या वर्षी मी काठावर उकिडवी बसले तेव्हा एक आवाज झाला. उठताना दुसरा झाला, आणि त्याच्याबरोबर अशी कळ आली की तोंडातल्या पाण्यासकट "आई गं" बाहेर पडलं. दोघींनी काखेत हात घालून मला उभी केली. रोपं व्हाळात गेली. सगळी वरात घरी परतली, आणि दुसऱ्या खेपेला सूप धाकट्या जावेने घेतलं.

"पुढल्या साली धाकटीच आणंल," सासूबाई म्हणाल्या. "तुला खुर्ची ठेवू व्हाळावर."

"खुर्ची कशाला?" जाऊ म्हणाली. "वहिनींना मागं चालवू. वाजंत्री घरचीच हाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि वाढायला उठले. पण गौर माझ्या हातून गेली ही गोष्ट काही घशाखाली उतरली नाही.

समाजमंदिरात सकाळी योगाचा वर्ग असतो. पालीहून लग्न होऊन आलेली एक मुलगी तो घेते. फिजिओथेरपी शिकलेली आहे. वयाने माझ्या भाचीएवढी, पण सगळ्या तिला मॅडम म्हणतात. पहिल्याच दिवशी वज्रासनात बसताना माझे गुडघे वाजले, आणि पुढच्या रांगेतली बाई, कुणी नारळ फोडला की काय म्हणून, मागे वळून बघायला लागली.

"मॅडम, हाडं झिजली का माझी?"

"दुखलं?"

"नाही."

"मग वाजू दे. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडे असतात, ते वाजतात. दुखलं, सुजलं किंवा गुडघा अडकला तर मला सांगायचं. नुसत्या आवाजाची तक्रार माझ्याकडे आणायची नाही."

मला असं बोलणारी माणसं आवडतात. मी रोज जायला लागले.

माझी चूक तिने पुढच्या काही दिवसांतच पकडली. आवाज आला की मी दचकायची, श्वास धरायची, अंग चोरायची. मग टाचा उचलल्या जायच्या, गुडघे आत पडायचे आणि सगळा भार त्यांच्यावर यायचा. कळ त्यानेच येत होती. "काकू, तुम्ही आवाजाला घाबरून पडता," ती म्हणाली. "टाचा रोवा. गुडघे पावलांच्या रेषेत. मांड्यांना काम करू द्या, आणि श्वास सोडत उठा."

खाणावळीत मी नारळ पुन्हा खाली बसून विळीवर खवायला लागले. आधी भिंतीला हात लावून उठायची, मग गुडघ्यावर हात ठेवून, मग हात न लावता. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे वेळच वेळ होता. आवाज मात्र तसाच राहिला. सासूबाईंनी तिळाचं तेल दिलं, तेही जिरवून पाहिलं. मी स्वयंपाकघरात उठले की नवरा बाहेरून विचारायचा, "कोण आलंय गं दारात?"

गौरीच्या आदल्या आठवड्यात मी सासूबाईंना सांगितलं, "यंदा गौर मी आणणार."

जाऊ भाजी निवडत होती. "आणि मधेच 'आई गं' झालं तर, वहिनी?"

"तर हा मान कायमचा तुझा."

"ठरलं," सासूबाई म्हणाल्या. "मागनं रडायचं न्हाय."

दुपारनंतर आम्ही निघालो. सगळ्यांचे गाल फुगलेले. व्हाळाला भरपूर पाणी होतं आणि काठ निसरडा होता. मी पाय रोवून बसले. एक गुडघा वाजला, मग दुसरा. जाऊ समोरच उभी होती. तिने पटकन नाकाला पदर लावला. मी तेरडा उपटला, मुळांची माती धुतली, सुपात ठेवून हळदकुंकू वाहिलं. मग सूप उचललं. दोन्ही हात त्यातच गुंतलेले, म्हणजे आता टेकायला काहीच नव्हतं.

टाचा रोवल्या. नाकाने श्वास सोडला आणि उठले.

दोन्ही गुडघे एकदम वाजले. पलीकडच्या शेतातले बगळे उडाले. कळ नाही. सूप सरळ. चूळ जागच्या जागी. मी वळले आणि चालायला लागले. तोच मागून फुर्रकन पाणी उडाल्याचा आवाज आला, आणि त्यावर जावेचा, "आई शप्पथ! वहिनी!"

गौर आणणारीने मागे बघायचं नसतं. मी बघितलं नाही. फक्त बांधावरून घराकडे धावत जाणारी पावलं ऐकली. अर्ध्या वाटेत ती गाल भरून परत आली, डोळ्यांत हसण्याचं पाणी आणि नव्या साडीचा पुढचा भाग चिंब.

उंबऱ्याशी सासूबाईंनी माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. गौर आत पाटावर बसली. मी बाहेर येऊन चूळ टाकली.

"ही एकटीच तोंड भराया आली तवाच समजलं मला, सूप शाबूत हाय," सासूबाई जावेकडे बघत म्हणाल्या.

"पुढल्या साली मी कानात बोळे घालून येईन," जाऊ म्हणाली. "वहिनींच्या मागं चालायचं म्हणजे चेष्टा न्हाय."

"ये," मी म्हटलं. "सूप माझ्याकडेच असेल."

सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. जितकी बोटं वाजतात तितकी दृष्ट लागलेली असते म्हणतात. त्या दिवशी त्यांची सगळी बोटं वाजली. पण खरं सांगते, माझ्या गुडघ्यांच्या पासंगालाही तो आवाज पुरला नाही.