अर्धवट भाजलेली कणसं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही रुक्मिणीला ओळखत नाही.

आमचं गाव केजजवळ. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. शेतात काम नाही, जवळचा सहकारी कारखाना बंद, गावातली निम्मी घरं ऊसतोडीला थेट कर्नाटकात निघालेली. आम्ही बायकांनी एक सहकारी संस्था काढली होती आणि मी पॉलिमर क्लेचे कानातले करायला शिकून आले होते. रंगीत क्ले मळायची, आकार द्यायचा, ओव्हनमध्ये भाजायचा. ओव्हन माझ्या घरी, म्हणून मान माझा. बरं वाटायचं — खोटं कशाला बोलू?

रुक्मिणी ऊसतोडीला जाणारी. तिथं नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. ती गेली नाही तर नवऱ्यालाही मुकादम घेत नव्हता. तरी तिनं त्याला थोपवून धरलं होतं. म्हणायची, "ताई, औंदा पोरीची शाळा मोडायची न्हाई. हे कानातले खपले तर आमी गावातच राहतो."

आणि तिचे हात! बाजरीचं कणीस करायची ती, नखाएवढं, दाणा न् दाणा वेगळा. माझे गुलाब त्याच्यापुढे लाडवासारखे दिसायचे. एकदा बायका हसल्या. रुक्मिणी हसली नाही, उलट म्हणाली, ताईंनीच शिकवलंय मला. त्याचाच मला जास्त राग आला — हे कसलं मन, सांगा?

तालुक्याच्या प्रदर्शनाआधी तिनं सगळा माल माझ्याकडे भाजायला आणून ठेवला. क्ले कमी भाजली तर वरून काही कळत नाही. रंग तोच, नुसती ठिसूळ राहते. मला ठाऊक होतं. तिला नव्हतं — मीच सांगितलं नव्हतं. लाईट गेली, असं म्हणता आलं असतं. गेली नव्हती. मी माझ्या हातानं ओव्हन अर्ध्यातच बंद केला आणि चहा टाकला.

प्रदर्शनात बायकांनी कणसं कानाला लावून पाहिली, आणि ती कडीपाशी मोडत गेली. एक बाई फसवलंत म्हणून ओरडली. रुक्मिणी तुकडे पदरात गोळा करत होती. मी शेजारीच उभी. मला — कसं सांगू — मला हसू दाबावं लागलं.

परतताना जीपमध्ये मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. तिला वाटलं, मला वाईट वाटतंय. "तुमी कावून मनाला लावून घेता, ताई? माझ्याच हाताला बरकत न्हाई."

आठवड्याभरात ते गेले. पोरगीही ट्रॅक्टरमध्ये, आईच्या मांडीवर. निघताना रुक्मिणी उरलेली क्ले मला देऊन गेली. मी तिची कणसं केली, पूर्ण भाजली, माझी म्हणून विकली. एकही मोडलं नाही.