कंसातली कास्ट

मी हसलो होतो. हे आधीच लिहून टाकतो, नाही तर पुन्हा गिळीन.

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. ॲरे म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंची रांग; ऑब्जेक्ट म्हणजे कुठलीही वस्तू, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. ऑब्जेक्टचा ॲरे स्ट्रिंगचा करायचा असेल तर पुढे कंसात नवा प्रकार लिहा, कास्ट करा, झालं. असं माझ्या नोट्समध्ये होतं, आणि गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्या बॅचमागून बॅच नेत होती.

भातकुलीहून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी परीक्षेच्या आठवडाभर आधी स्टाफरूममध्ये आली.

"सर, तुमचा कंस माह्या ॲरेवर चालत नाही. कंपाईल होते, पण रन केलं का एरर देते."

"तूच चुकली असशील."

"नाही न सर. तुमच्या उदाहरणातला ॲरे मुळातच स्ट्रिंगचा होता, वरून फक्त ऑब्जेक्टचं नाव लावलं होतं. म्हणून चालला. खरा ऑब्जेक्टचा असन तं नवा ॲरे बनवा लागते, अन् एकेक उचलून त्यात ठेवा लागते."

"बघतो," म्हणालो. ती गेल्यावर करून पाहिलं. शब्दन् शब्द बरोबर होती. वर्गात मात्र मी तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं शिकवणाऱ्याने पोरीच्या सांगण्यावरून नोट्स बदलायच्या? माज होता तो. दुसरा शब्द नाही.

प्रॅक्टिकलला अकोल्याहून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले. माझ्याच नोट्स चाळून त्यांनी तिला नेमकं तेच विचारलं.

"सर, नुसती कास्ट लिहून काई बदलत नाही," ती म्हणाली. "मुळात जे हाय तेच राह्यते. रन करून दाखवू का?"

ते माझ्याकडे वळले. "ऐका, कास्ट बदलत नाही म्हणते!" मग तिला, "तुमची कोणती हो, बाई?"

अख्खी लॅब हसली. मीही.

तिचं बोट कीबोर्डवर तसंच होतं. 'दाब' एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणालो, "बस झालं. पुढची कोण?"

ती नापास झाली. त्याच महिन्यात कॅम्पसला कंपनी आली. नापासांना नोकरीच्या मुलाखतीला बसू दिलं नाही. मार्कांच्या कागदावर दोन सह्या लागतात. दुसरी माझी.

तो विनोद हलकट होता, त्या माणसाची चीड आजही येते. पण तिचं उत्तर बरोबर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. मग जास्त हलकट कोण?

यंदा मीच एक्स्टर्नल म्हणून अकोल्याला गेलो. एका मुलीने प्रोग्राम दाखवला. खरा ऑब्जेक्टचा ॲरे, आणि त्याच्यापुढे माझा कंस. शेजारी माझ्याच नोट्स, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन अक्षरं भुरकी झालेली. तिथले सर म्हणाले, "बरोबर आहे, चला पुढे."

"रन कर," मी म्हणालो.

पडद्यावर एररच्या लाल ओळी आल्या. ती घाबरली. "कावून, सर? नोट्समधलंच तं हाय."

"त्या नोट्स माझ्या आहेत. चुकीच्या आहेत. एका मुलीने मला हे वेळेवर सांगितलं होतं, अन् मी तिला नापास केलं."

कोणी हसलं नाही. तिथले सर पुटपुटले, "सर, चहा सांगू?"

"नको. मार्कर द्या."

मी फळ्यावर नवा ॲरे लिहिला. त्यात एकेक उचलून ठेवायचं, तिने सांगितलं होतं तसं. मग समोरच्या मुलीला म्हणालो, "हे लिही. अन् दाब."