चेहरा तिचा, टीशर्ट आमचा

"कमेंटी डिलीट करा आन् त्या पोरीला ब्लॉक करा," सर म्हणाले. "मग बसून बोलू."

मी म्हणालो, "ते माझ्याच्यानं होणार न्हाई."

लातूरला सरांच्या केबिनमध्ये एसी चालू होता, तरी सर रुमालानं मान पुसत होते. टेबलावर त्यांचा मोबाइल पालथा पडला होता आणि सारखा थरथरत होता. बाजूला त्यांचा भाचा प्रतीक उभा होता. क्लासचं ऑफिस तोच बघतो. नीटचा निकाल नुकताच लागला होता, म्हणजे क्लासवाल्यांची सुगी सुरू झाली होती. खाली पालक चौकशीला यायला लागले होते आणि नेमक्या त्याच वेळी क्लासच्या फेसबुक पेजवर लोक सरांना चोर म्हणत होते.

माझी नांदेडला लहानशी एजन्सी आहे. दुकानं, दवाखाने, क्लासेस यांची सोशल मीडियाची पेजं आम्ही सांभाळतो. माझे वडील पेंटर होते, भिंतींवर जाहिराती रंगवायचे. भिंत उलटून बोलत नाही, पेज बोलतं. फरक एवढाच आहे, पण माझी निम्मी गिऱ्हाइकं तो अजून मानायला तयार नाहीत. त्यांना पेज म्हणजे फुकटात मिळालेली भिंत वाटते.

सरांचं नाव मी लिहीत नाही, नुसतं सर म्हणतो. फिजिक्स शिकवण्यात त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही. ते माझे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते. माझ्या ऑफिसात काम करणाऱ्या दोघींचे पगार त्यांच्याच कामावर निघायचे. ते काम गेलं असतं तर मला ऑफिस बंद करावं लागलं असतं, आणि नाही म्हणताना हे मला पक्कं ठाऊक होतं.

सरांसाठी आम्ही दोन कामं करायचो. एक पेज, दुसरा ब्लॉग. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर लिहिलेला लेख, दुसरं काही नाही. पेजवरची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते, लोक विसरतात. ब्लॉगवरचा लेख मात्र कुणी गूगलवर शोधला की वर्षानंतरही सापडतो. सर चहा पिता पिता एखादा अवघड मुद्दा मराठीत समजावून सांगायचे, मी तो मोबाइलवर रेकॉर्ड करायचो आणि आम्ही तो लिहून टाकायचो. सुरुवातीला सर कुरकुरले होते, फुकट शिकवलं तर फी कोण भरंल म्हणून. मी म्हणालो होतो, आडतीत गूळसुद्धा चाखल्याशिवाय कुणी घेत नाही. ते हसले आणि तयार झाले. प्रतीकला मात्र ब्लॉग कधीच पटला नाही. त्याला लाइक मोजायची सवय, आणि ब्लॉगला लाइक पडत नव्हते.

आता टॉपरची गोष्ट सांगतो, कारण आमच्याकडची ही रीत बाहेरच्याला खरी वाटायची नाही. निकाल लागला की लातुरात आणि नांदेडात टॉपर पळवायची शर्यत लागते. हार, शाल आणि पेढे घेऊन क्लासवाल्यांच्या गाड्या गावोगाव धावतात. एकच पोरगं चार बॅनरवर चार रंगांचे टीशर्ट घालून हसत असतं. कुठं ते खरंच दोन वर्षं शिकलेलं असतं, कुठं त्यानं नुसती एक सराव परीक्षा दिलेली असते. पालकांनाही हे माहीत असतं, तरी बॅनर मोठं दिसलं की भुलतात.

त्या वर्षी हिमायतनगरच्या वैष्णवीला चांगले मार्क पडले. तिच्या वडलांची पिठाची गिरणी आहे. गावातल्याच कॉलेजात शिकली, पहिल्या वेळी नंबर लागला नाही, मग वर्षभर घरी बसून अभ्यास केला. सरांच्या क्लासनं नांदेडात एक फुकट स्कॉलरशिप परीक्षा घेतली होती. अशा परीक्षेतून विद्यार्थ्यांची नावं, नंबर आणि फोटो क्लासकडे जमा होतात. धंद्यात त्याला डेटा म्हणतात. वैष्णवी त्या एका परीक्षेला बसली होती, क्लासशी तिचा संबंध तेवढाच. निकाल लागताच प्रतीकला डेटात तिचं नाव दिसलं आणि त्यानं मला तिचा पासपोर्ट फोटो पाठवून फर्मान सोडलं, आपल्या टीशर्टवर बसवा.

म्हणजे चेहरा तिचा आणि गळ्याखाली क्लासचा लोगो छापलेला टीशर्ट आमचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी विचारलं, पोरीला विचारलं का? तो म्हणाला, विचारत बसलो तर दुसरे टाकून मोकळे होतील. मी नकार दिला. त्यानं लातुरातल्या एका डिझायनरकडून तेच करून घेतलं, स्वतः पोस्ट टाकली आणि वर बूस्ट मारला. बूस्ट म्हणजे फेसबुकला पैसे देऊन आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवायची. कुठल्या भागात दाखवायची तेही ठरवता येतं. प्रतीकनं नांदेड जिल्हा निवडला. म्हणजे पोरीच्या फोटोची चोरी पैसे भरून तिच्याच गावात, तिच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोबाइलवर पोचवली.

थोड्याच वेळात पोस्टखाली वैष्णवीची कमेंट आली. "सर, मी तुमच्या क्लासला कधीच नव्हते. हा टीशर्ट पण माझा नाही. माझं डोकं कापून लावलंय. मला आमच्या कॉलेजच्या सरांनी शिकवलं. गावात लोक त्यांना विचारून राहिले की पोरगी लातूरला कधी गेली. फोटो काढा."

प्रतीकनं फोटो काढला नाही, कमेंट काढली. पोरीनं स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. तिनं तो स्वतःच्या अकाउंटवर टाकला आणि मग हिमायतनगर, इस्लापूर, उमरी, जिथं जिथं तिच्या ओळखीची पोरं होती तिथून तोच स्क्रीनशॉट आमच्या प्रत्येक पोस्टखाली येऊन पडू लागला. एकानं तर सरांचं डोकं पोलिसाच्या वर्दीवर चिकटवलं आणि खाली लिहिलं, आमच्या गिरणीत दळण आणायचे, आज साहेब झाले. ते पाहून मला हसू आलं हे मी कबूल करतो. सरांना मात्र आलं नाही. त्यांनी मला ताबडतोब लातूरला बोलावलं.

तर आम्ही केबिनमध्ये होतो. सर म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, समद्या कमेंटी उडवा, दोन दिवसांत लोक विसरतील. मी म्हणालो, मूठ कवाच उघडली. एक कमेंट उडवली तर एवढ्या आल्या, आता सगळ्या उडवल्या तर उद्या पेपरवाले येतील. आधी पोस्ट काढा, मग माफी मागा.

माफी हा शब्द ऐकून प्रतीक उसळला. सगळेच क्लास हेच करून राहिले, मग आपल्यालाच शहाणपण का, असं त्याचं म्हणणं. पोरगीच जास्त शहाणी हाय, तिच्यावर केस टाकू, असंही तो म्हणाला. चोर तो चोर आणि वर शिरजोर. माझं डोकं फिरलं. मी त्याला सुनावलं की तिच्या फोटोची चोरी आपण केली, आणि जिची चीज गेली तिचंच तोंड बंद करायला निघालोय.

सरांनी आवाज खाली आणला. ते चिडले की हळू बोलतात. "इम्रानभाई, पेज माझं हाय. तुमचं काम बंद करू का?"

"करा, सर," मी म्हणालो. "पन त्या पोरीला ब्लॉक माझ्या हातानं होणार न्हाई."

उठून जावं की बसावं कळेना. मग मी माझा मोबाइल काढला आणि एक कमेंट उघडून सरांपुढं धरली. ती वैष्णवीची नव्हती. त्यांच्याच क्लासच्या एका पोराची होती. तेवढ्या गर्दीत ती कुणी वाचली नव्हती. सरांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"सर, मी दोन वर्षं तुमच्या पहिल्या बाकावर बसत होतो. मला कमी मार्क पडले. माझा फोटो लावणार नाहीत हे माहीत होतं. पण आमच्या जागी दुसऱ्याच्या पोरीचा लावताल असं वाटलं नव्हतं."

सरांनी ती दोनदा वाचली. लिहिणाऱ्याचं नाव ओंकार होतं. सर म्हणाले, हा लई प्रश्न विचारायचा. मला त्यांची कीव आली, आणि रागही होताच. शेवटी प्रतीककडं न बघता म्हणाले, "पोस्ट काढ."

माफीच्या मजकुरावरून पुन्हा भांडण झालं. प्रतीकनं लिहिलं, तांत्रिक चुकीमुळे फोटो प्रसिद्ध झाला. कंपन्यांची ही लाडकी पळवाट आहे. काहीही झालं की दोष मशीनच्या माथी. मी म्हणालो, तांत्रिक चुकीनं कुणाच्या अंगात टीशर्ट चढत नाही. मग सरांनीच कागद ओढला आणि स्वतः लिहिलं की वैष्णवी आमची विद्यार्थिनी नाही, तिला न विचारता आम्ही तिचा फोटो बदलून वापरला, तिची कमेंटही काढली, हे चुकीचं होतं. खाली स्वतःचं नाव टाकलं. मी ती पोस्ट पिन केली, म्हणजे पेज उघडलं की सगळ्यात वर तीच दिसेल. जुनी एकही कमेंट काढली नाही. शिव्याही तशाच ठेवल्या. चूक चारचौघांत केली, तर लोकांचं बोलणंही चारचौघांत ऐकून घ्यावं.

मी नांदेडला परत यायला निघालो. अहमदपूरजवळ बस चहाला थांबली तेव्हा मोबाइल पाहिला. वैष्णवीनं माफीखाली उत्तर लिहिलं होतं.

"माफी वाचली. ठीक आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. फिजिक्समधला रोटेशनचा धडा मला कुठंच समजत नव्हता. तुमच्या ब्लॉगवर गिरणीच्या पट्ट्याचं उदाहरण होतं. मोठं चाक, लहान चाक, पट्टा एकच, म्हणून कडेचा वेग सारखा, फेरे वेगळे. वाचून मी आमच्या गिरणीत जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं. परीक्षेत त्यावर आलेला प्रश्न माझा बरोबर आला. हे मी आपणहून सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

मी चहा तसाच ठेवला आणि परत लातूरची गाडी धरली. कारण पुढं काय होणार ते मला माहीत होतं, आणि तेच झालं. मी पोचलो तेव्हा प्रतीकनं ती कमेंट मोठ्या अक्षरांत घेऊन, शेजारी वैष्णवीचा तोच फोटो, तोच टीशर्ट लावून नवी पोस्ट तयार ठेवली होती. आता तर तिनंच मान्य केलं, म्हणाला. मी सरांना एवढंच म्हणालो की आत्ताच तिनं काय लिहिलंय ते परत वाचा, शेवटची ओळ वाचा.

सरांनी फोन लावला. डेटात नंबर होताच. आधी तिचे वडील बोलले. त्यांनी चार शब्द सुनावले आणि सरांनी ते ऐकून घेतले. मग पोरगी फोनवर आली. मी स्पीकर चालू ठेवायला सांगितला होता. सरांनी माफी मागितली, गिरणीत जाऊन बघितलंस हे लई चांगलं केलंस म्हणाले. मग अडखळत विचारलं, "बाई, तू लिहिलेलं आम्ही पेजवर टाकलं तर चालंल का?"

तिकडं मागं गिरणीचा आवाज येत होता.

"टाका," वैष्णवी म्हणाली. "फोटो न्हाई टाकायचा. आन् आमच्या कॉलेजच्या सरांचं नाव आधी लिवा. तुमचं त्याच्या खाली."

प्रतीकनं कपाळाला हात लावला. दुसऱ्याच्या मास्तराचं नाव आपल्या पेजवर, तेही आपल्या वर. सरांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणायचं की हो, हे त्यांनीच ठरवायचं होतं.

"हाव," सर म्हणाले. "तसंच लिहितो."

पोस्ट गेली. पांढऱ्या पाटीवर तिचे शब्द, खाली हिमायतनगरच्या सरांचं नाव, त्याच्या खाली आमच्या सरांचं. चेहरा नाही, मार्क नाहीत, हार नाही. रीच, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचली ते, टीशर्टवाल्या पोस्टपेक्षा कमीच होती. प्रतीकनं ती मला मुद्दाम दाखवली. त्या वर्षी ॲडमिशन वाढल्या का, असं लोक मला विचारतात. नाही वाढल्या. कमीही झाल्या नाहीत. रोटेशनचा तो लेख मात्र पोरं अजून उघडतात, आणि माझं कामही गेलं नाही.

पुढच्या निकालाला नांदेडचाच एक क्लासवाला एका पोराचा पासपोर्ट फोटो घेऊन माझ्याकडं आला. टीशर्टचा रंगही ठरवून आला होता. मी त्याला विचारलं, पोराचा होकार आहे का? तो म्हणाला, होकार कशाला लागतो, सगळेच करतात. मी फोटो परत दिला आणि सांगितलं की या ऑफिसात ज्याचा चेहरा लागतो त्याचा होकार आधी लागतो. तो भडकला, दुसरा माणूस बघतो म्हणाला. मी म्हणालो, जरूर बघा, नांदेडात एजन्सी काय कमी आहेत?